तळकोकणात येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण तालुक्यात आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे आणि त्यातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी असतात. निघण्याआधी लोक प्रश्न पाठवतात. गेली कित्येक वर्षं तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिले, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तळकोकण म्हणजे नेमकं कुठे? मालवण, सिंधुदुर्ग, कोकण सगळं एकच ना?

एकच नाही, आणि या घोळापायी लोक भलत्याच ठिकाणी उतरतात. महाराष्ट्राचं कोकण पालघरपासून सुरू होतं. त्याचं दक्षिण टोक, गोव्याला लागून असलेलं, म्हणजे तळकोकण. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तो हाच. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून तो वेगळा झाला. तालुके आठ: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग. मालवण हे त्यातलं एक बंदराचं शहर. मालवणी बोली आणि मालवणी जेवण मात्र जिल्हाभर आहे.

‘सिंधुदुर्ग’ नावाच्या तीन गोष्टी आहेत: जिल्हा, मालवणच्या समुद्रातला किल्ला आणि कोकण रेल्वेचं स्टेशन. हे स्टेशन ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयाजवळ आहे. तिथे उतरून ‘किल्ला कुठे दिसतो?’ असं विचारणारे पाहुणे आम्हाला दरवर्षी भेटतात. किल्ला तिथून बराच लांब, मालवणच्या किनाऱ्यासमोर आहे.

२. यायला सगळ्यात चांगले महिने कोणते?

काय बघायचं आणि काय खायचं आहे, त्यावर ते ठरतं. समुद्र, किल्ले आणि दशावतार हवा असेल तर नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी. सकाळी अंगावर चादर घ्यावीशी वाटते, पाणी शांत असतं. आंबे, काजू, फणस, करवंदं, जांभळं हवी असतील तर एप्रिल-मे. मात्र त्या दिवसांत दुपारी अकरा ते चार घामाने जीव नकोसा होतो. तेवढा वेळ पडवीत पंख्याखाली काढायची तयारी ठेवा, आम्हीही तेच करतो.

जून ते सप्टेंबर पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस या चार महिन्यांत कोसळतो. समुद्र बंद असतो, पण भाताची लावणी, भरलेले व्हाळ (ओढे) आणि कातळावर उगवलेली रानफुलं बघायची तर हेच दिवस. माझं स्वतःचं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. शेतं पोटरीला आलेली असतात आणि गर्दी शून्य. ऑक्टोबरचा उकाडा तेवढा टाळा.

३. कुठल्या स्टेशनवर उतरू?

देवगड, विजयदुर्ग, कुणकेश्वरसाठी कणकवली. मालवण आणि तारकर्लीसाठी कुडाळ किंवा कणकवली. वेंगुर्ल्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. शिरोडा, रेडी, आंबोलीसाठी सावंतवाडी रोड. प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबत नाही, तेव्हा तिकिटाआधी थांबे बघा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या आणि मे महिन्याच्या गाड्या उघडल्याबरोबर भरतात.

रस्त्याने मुंबईहून राष्ट्रीय महामार्ग ६६. कोल्हापूरकडून गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडीत उतरता येतं, फोंडा घाटाने कणकवलीत. बेळगाव किंवा आजऱ्याकडून आलात तर आंबोली घाट. पावसात निघताना घाट चालू आहे ना, याची खात्री करून घ्या. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तिथल्या उड्डाणांचं वेळापत्रक बदलत राहतं, त्यामुळे परतीचा बेत त्या एकाच विमानावर बांधू नका.

४. दोन दिवसांत सगळं होईल का?

नाही. विजयदुर्गापासून रेडीपर्यंत सुमारे १२० किलोमीटरचा किनारा आहे आणि मध्ये खाड्याच खाड्या. नकाशावर समोर दिसणारं गाव गाठायला वळसा घालून तास लागतो. दोनच दिवस असतील तर एक तालुका घ्या आणि तिथेच राहा. चार दिवस असतील तर दोन मुक्काम: एक मालवण किंवा देवगडला, दुसरा वेंगुर्ला किंवा सावंतवाडीला. रोज मुक्काम बदलणारी माणसं तळकोकण गाडीच्या काचेतून बघतात आणि दमून घरी जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

५. मालवणी जेवण फार तिखट असतं का? आमच्याबरोबर लहान मुलं आणि म्हातारी माणसं आहेत.

हॉटेलातलं तिखट असतं. घरातलं रोजचं जेवण तसं नसतं. आमच्या स्वयंपाकाचा पाया नारळ आहे. ओलं खोबरं, धणे, थोड्या सुक्या मिरच्या असं वाटण पाट्यावर किंवा मिक्सरवर गंधासारखं वाटायचं, आंबटाला आमसूल घालायचं, आणि त्यात मासा. खोबरं तिखटाला आवरून धरतं. भाजक्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आम्ही कोंबडी-मटणाला करतो, तोही रविवारी किंवा पाहुणा आल्यावर.

बांगड्याचं तिखलं खाल तेव्हा ताटात हिरवट-काळपट, मिऱ्यापेक्षा थोडी मोठी फळं दिसतील. ती तिरफळं. ठेचून टाकलेली असतात, वासासाठी. चावू नका, बाजूला काढा. चावलीत तर जिभेला मुंग्या येतील, थोड्या वेळाने जातील, काळजी नको.

‘वडे-सागोती’ म्हणजे कोंबडी-वडे. हे वडे तांदळाच्या पिठात उडीद, मेथी, धणे दळून घालून करतात. पीठ काही तास भिजतं, मग हातावर किंवा केळीच्या पानावर थापून तळतात. चांगला वडा पुरीसारखा टम्म फुगतो आणि फोडला की आत मऊ, किंचित आंबूस असतो. लहान मुलं तर रस्सा सोडून नुसते वडेच खातात.

आजी-आजोबांसाठी सकाळी उकड्या तांदळाची पेज मागा, बरोबर खोबऱ्याची चटणी किंवा भाजलेला पापड. जड प्रवासानंतर याच्यासारखं दुसरं काही नाही. माशांसाठी प्रश्न ७, बिनमाशाच्या जेवणासाठी प्रश्न ८ पाहा.

६. सोलकढी घरी केली की तुमच्यासारखी होत नाही. आमसूल, आगळ आणि कोकम सरबत यांत फरक काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून नीट सांगते.

तिन्ही एकाच फळाची: रातांबा. एप्रिल-मेमध्ये लालबुंद रातांबे पिकतात. ते फोडून साल वेगळी करतात. ही साल त्याच फळाच्या रसात बुडवायची आणि उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. तिला अशी पुटं द्यावी लागतात, तेव्हा ती काळपट आणि लवचीक होते. ते आमसूल. रसात भरपूर मीठ घालून टिकवला की ते आगळ. साल साखरेत मुरवून जो पाक सुटतो ते सरबताचं कोकम, म्हणजे अमृत कोकम. सोलकढीत अमृत कोकम घातलं की बिघडलंच. शहरातल्या बऱ्याच सोलकढ्या इथेच चुकतात. बियांचंही कोकमतेल निघतं, ते हिवाळ्यात टाचांच्या भेगांना लावतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे.

आता कढी. एक ताजा नारळ खवायचा. त्यात दोन-तीन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि कोमट पाणी घालून वाटायचं आणि फडक्यातून पिळायचं. हा पहिला, दाट रस. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा रस काढायचा. दोन्ही एकत्र करून त्यात आगळ चमच्याचमच्याने घालायचं. रंग फिका गुलाबी झाला की चाखायचं. मीठ त्यानंतरच, कारण आगळात मीठ आधीच असतं. वरून कोथिंबीर. गॅसवर ठेवायची नाही. फ्रिजमध्ये फार वेळ ठेवली तर नारळाची चरबी वर गोठते आणि तोंडात मेणासारखी लागते. जेवणाआधी अर्धा तास करावी आणि त्या जेवणात संपवावी.

आमच्या आईचा हात असा होता की रंगावरून तिला आंबटपणा कळायचा. वाटी उजेडाकडे धरायची आणि म्हणायची, ‘अजून एक चमचो.’

७. पावसाळ्यात ताजे मासे मिळतात का? आणि मासा ताजा आहे हे कसं ओळखायचं?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ तो, आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत कुणी ‘आजच पकडलेली सुरमई’ म्हणून ताटात वाढली तर ती बर्फातली असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा आम्ही खाडीचं आणि नदीचं खातो: कुर्ल्या, खाडीतली सुंगटं (कोळंबी), पहिल्या पावसात शेतात चढणारे चढणीचे मासे. शिवाय मे महिन्यात भरून ठेवलेलं सुकं असतंच: सुके बांगडे, सुकट, गोलमो. सुकटीची किसमूर आणि गरम पेज, बाहेर धो धो पाऊस. हे जेवण हॉटेलच्या कार्डावर नसतं, मागावं लागतं.

ओळखायची रीत साधी आहे. कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ. बोटाने दाबलं तर खड्डा राहू नये. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, घाण येत नाही. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेताना तोंड मिटलेल्या घ्या.

जमलं तर एकदा रापण बघा. मोठं जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांनी पन्नासेक माणसं किनाऱ्यावरून ओढत आणतात. ओढायला हात लावलात तर कुणी नाही म्हणत नाही. जाळं जवळ आलं की पाणी उकळल्यासारखं होतं, वर घारी आणि बगळे. मासळीचे वाटे वाळूवरच पडतात. मोठ्या यांत्रिक जाळ्यांमुळे रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही, हे रापणकरांचं दुःख आहे आणि ते खरं आहे.

८. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहायची वेळ येईल का?

अजिबात नाही. इथल्या कित्येक घरांत सोमवार आणि देवाचे वार पाळले जातात, श्रावण तर असतोच. त्यामुळे शाकाहारी स्वयंपाक तितकाच मुरलेला आहे. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी मागा. घावणे आणि चटणी. कुळथाची पिठी आणि भात. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी. गोडात शिरवाळे: तांदळाच्या गरम उकडीच्या शेवया लाकडी शेवग्यातून पाडून, गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. शेवगा दाबायला दोन माणसं लागतात, म्हणून आदल्या दिवशी सांगा.

एकच अडचण. लहान खाणावळीत तवा आणि तेल माशांचंच असू शकतं. ते चालत नसेल तर घरगुती राहण्याच्या ठिकाणी आधीच स्पष्ट बोला. कुणाला राग येत नाही.

९. खरा देवगड हापूस कसा ओळखायचा?

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाचच जिल्हे आहेत. इतर ठिकाणचा आंबा चवीला चांगला असू शकतो, पण तो या नावाने विकणं चूक. मला स्वतःला शहरात एकदा ‘देवगड’ छापलेली पेटी मिळाली होती. वरची रांग बरी, खाली सगळे निबर आणि बिनवासाचे. तेव्हापासून नातेवाइकांना मी बागायतदाराकडूनच पेटी पाठवते.

देठाजवळ नाक न्या. पिकलेल्या हापूसचा वास खोलीभर पसरतो. साल पातळ, गर केशरी, रेषा नाही. पूर्ण पिवळाधमक पण वास नसलेला आंबा बहुधा घाईने पिकवलेला असतो. अढीत, गवतात पिकलेला आंबा सगळा एकसारखा पिवळा होत नाही, कुठे हिरवट छटा राहते. सालीवर हलक्या सुरकुत्या आल्या की खायला तयार. मोसम साधारण मार्च ते मेचा तिसरा आठवडा. पहिला पाऊस पडला की आमच्याकडे हापूस संपला आणि रायवळ सुरू झाला असं समजतात.

१०. सिंधुदुर्ग किल्ल्यावर कसं जायचं? आत काय बघायचं?

मालवण जेटीवरून होडी मिळते, दहा-पंधरा मिनिटांत किल्ला. पावसाळ्यात होड्या बंद असतात, साधारण मेअखेर ते ऑगस्टअखेर.

शिवाजी महाराजांनी कुरटे बेट निवडलं आणि नोव्हेंबर १६६४ मध्ये काम सुरू केलं, तीन वर्षांत पुरं झालं. बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली. तटाच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात. होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तो दोन बुरुजांच्या वळणात दडवलेला आहे. नावाड्याला विचारा, तो नेमका क्षण दाखवेल.

आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात जपलेला आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी: चारही बाजूंना खारं पाणी आणि यांचं पाणी गोडं. तटावरून फेरी मारायला वेळ ठेवा. बहुतेक लोक देऊळ बघून परततात आणि नागमोडी तट बघायचाच राहतो. टोपी आणि पाणी घ्या, सावली कमी आहे. किल्ल्यात कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरू नका.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.

११. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला हे खरं आहे का?

गोष्ट लोकप्रिय आहे, पण जशी सांगितली जाते तशी ती खरी नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा या भागावरून गेला. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून केला. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर यांचं नाव इथल्या ‘साहेबाच्या कट्ट्या’शी जोडतात, पण त्यांनी आपली निरीक्षणं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये केली. या दोघांच्या कामातून पुढे हेलियमची ओळख पटली.

विजयदुर्गाला या गोष्टीची गरजही नाही. वाघोटण खाडीच्या मुखावरचा तिहेरी तटाचा हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचं बलस्थान होता, १७५६ पर्यंत. तिन्ही तट एकामागे एक चढत जाताना शत्रूचं काय झालं असेल ते पायांना कळतं.

१२. पोहता येत नाही. तरी स्कूबा करता येईल का?

येतं. पर्यटकांसाठीच्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुम्हाला पूर्ण वेळ धरून असतो आणि खोली फार नसते. पाण्याखालचं नीट दिसायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला हात लावू नका, फोटोसाठीही नाही. तुटलेला प्रवाळ भरून यायला वर्षं जातात.

दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर करू नका आणि ते लपवूही नका. सर्दी असली तरी कान भयंकर दुखतात. एका डाइव्हनंतर किमान बारा तास विमान टाळा. सकाळी डाइव्ह आणि दुपारी गोव्याहून विमान, असा बेत बरेच जण करतात. तो बदला.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. संगम दिसायला शांत, पण ओहोटीच्या वेळी ओढ जबरदस्त असते. तिथे पोहायला उतरू नका. ‘त्सुनामी आयलंड’ हा वाळूचा पट्टा भरतीत पाण्याखाली जातो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नका. नावाडी ‘आता निघूया’ म्हणाला की निघायचं.

१३. दशावतार म्हणजे काय? कुठे आणि कधी बघायला मिळेल?

देवाच्या जत्रेत रात्रभर चालणारं लोकनाट्य. कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात चालूच असतात. देवळासमोर मंडप, एक पडदा, एक बाकडं. तेच बाकडं सिंहासन, तेच पर्वत. हार्मोनियम, मृदंग, झांज. पालखी फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमारास खेळ उभा राहतो.

आधी पूर्वरंग: गणपती, सरस्वती, मग वेद चोरणारा संकासुर. काळ्या कपड्यातला हा संकासुर मालवणीत बोलतो आणि पोरंसोरं त्याच्यासाठीच जागी असतात. त्यानंतर पुराणातलं आख्यान. छापील संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करतात आणि त्या इतक्या जीव तोडून करतात की शेवटच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसतात. पहाटे दहीकाला होतो.

एकदा देवळामागे नटांना रंगताना पाहिलं, ते विसरता येत नाही. दिवसा शेतात किंवा गाडीवर राबलेला माणूस पेटाऱ्यावर आरसा टेकवून स्वतःच्या हाताने कपाळावर रेघ ओढतो. शेजारी मुकुटाच्या पेटाऱ्यासमोर उदबत्ती. मुकुट चढवण्याआधी तो हात जोडतो, आणि नंतर त्याचा आवाज बदललेला असतो.

कुठल्या गावात कधी, हे तुमच्या घरमालकाला किंवा रिक्षावाल्याला विचारा. गावभर बोर्ड लागलेले असतात. फ्लॅश मारून फोटो काढू नका, आणि अर्धा तास बघून उठू नका. सावंतवाडीजवळ सोनुर्लीच्या माऊलीची कार्तिकातली जत्रा लोटांगणांसाठी प्रसिद्ध आहे, तिथली गर्दी लक्षात घेऊन जा.

१४. आंगणेवाडीच्या जत्रेची पुढच्या वर्षीची तारीख सांगाल का?

आधी सांगता येत नाही. मसुरे गावातल्या भराडी देवीच्या या जत्रेला तिथी नाही. देवीचा कौल आणि ठरलेले विधी झाल्यावर तारीख जाहीर होते, बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चमधली. म्हणून कॅलेंडरमध्ये ती शोधू नका. देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक आंगणे घराण्यातल्या स्त्रिया न बोलता करतात. दर्शनाची रांग काही तासांची असते. जत्रेच्या दिवसांत मालवण-कणकवलीत खोली मिळणं कठीण, तारीख कळली की त्याच दिवशी ठरवा.

१५. गणपतीत फिरायला यावं का?

नुसतं फिरायला असेल तर येऊ नका. चाकरमानी मुंबईहून घरी येतात, गाड्या भरलेल्या, खाणावळी बंद, आणि घरोघरी माणसं आपल्या गणपतीत गुंतलेली. कुणी घरी बोलावलं असेल तर मात्र जरूर या, वर्षातला सगळ्यात सुंदर काळ तो.

मूर्तीच्या वर बांधलेली माटवी नक्की बघा. लाकडी चौकटीला आंब्याचे टाळ आणि रानातली फळं लटकवतात: कवंडळं, हरणं, कांगणी, तिरफळांचे घोस, तवसं, चिबूड, नारळ, सुपारी. मुलं चतुर्थीच्या आदल्या दिवशी मोठ्या माणसांबरोबर रानात जातात, आणि कुठल्या झाडाला काय म्हणतात ते तिथेच शिकतात. रात्री भजन आणि बायकांच्या फुगड्या.

१६. मालवणी समजेल का?

मराठी येत असेल तर दोन दिवसांत कान सरावतो. ‘खय’ म्हणजे कुठे, ‘हय’ इथे, ‘माका’ मला, ‘तुका’ तुला. ‘खय गेल्लंस?’ हे कुठे गेला होतास असं विचारणं आहे, यात उद्धटपणा नाही. मोठ्या आवाजात बोलणं हीसुद्धा इथली रीत आहे, दोन माणसं भांडत आहेत असं समजू नका. तुम्ही नेहमीच्या मराठीत बोला. मोडकीतोडकी मालवणी बोललात तर लोकांना आवडतं, फक्त नक्कल करून हसू नका.

१७. देवळात आणि देवराईत काय पाळायचं?

चामड्याच्या वस्तू बाहेर, डोकं झाकायची सक्ती बहुतेक ठिकाणी नाही. काही देवळांत गाभाऱ्याचे नियम कडक आहेत, पुजाऱ्याला विचारा. देवराईतून पान, फूल, काटकीसुद्धा उचलायची नाही. गावाने शतकानुशतकं ती राखलेली असते.

वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, ही श्रद्धा. झिजलेल्या चपलांचे ढीग बघून हसणारे पाहुणे मी पाहिले आहेत. तसं करू नका, समोर उभ्या असलेल्या माणसाचा तो रात्रीचा राखणदार आहे.

गाऱ्हाणं कानावर पडलं तर थांबा. गुरव किंवा मानकरी देवापुढे गावाचं म्हणणं मांडतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ तुम्हीही म्हणा.

१८. आचऱ्याला गेलो तर गाव बंद होतं असं एकाने सांगितलं. असं होतं का?

गावपळणीत होतं. आचरे आणि आसपासच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन सगळं गाव, गुरंढोरं आणि कोंबड्यांसकट, तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या करून राहतं. आचऱ्यात सगळ्या धर्मांची माणसं बाहेर पडतात. त्या दिवसांत वेशीच्या आत पाय ठेवायचा नाही. राहुट्यांपाशी मात्र पाहुण्यांचं स्वागत होतं, चुलीवरचं जेवण आणि रात्री गाणी-भजनं.

१९. घरी काय न्यावं?

सावंतवाडीच्या चितार आळीतली पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी आणि हुबेहूब रंगवलेली लाकडी फळं. तिथलाच गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते: दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी १२ अशी १२० गोल पानं, सगळी हाताने रंगवलेली. ही कला बुडत होती ती सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः राणी सत्त्वशीलादेवींनी, सावरली. किंमत बघून घासाघीस करण्याआधी एक पान रंगवायला किती वेळ जातो ते राजवाड्यात बसून बघा.

कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. खाण्यात वेंगुर्ल्याचे काजू, आमसूल, आगळ, मालवणी मसाला, आणि आल्याच्या गुळाचं खाजं. खाजं जत्रेतल्या दुकानात ताजं मिळालं तर तेच घ्या.

२०. गर्दी नको. कुठे जाऊ?

मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव, भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. कुडोपीच्या सड्यावरची (कातळाच्या माळावरची) कातळशिल्पं, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, आणि चित्रांवर पाय देऊ नका. निवती, खवणे, कोंडुरा हे किनारे.

आंबोली हवीच असेल तर पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा. धबधब्यापाशी उभं राहायला जागा नसते. मधल्या वारी जा, आणि धबधब्यानंतर हिरण्यकेशीच्या उगमापर्यंत चाला. तिथल्या महादेवाच्या कुंडातल्या छोट्या माशाला याच नदीचं नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पाण्यात काही टाकू नका, निर्माल्यसुद्धा नाही.

२१. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची आहेत. नक्की दिसतील ना?

नक्की कुणीच सांगू शकत नाही. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणी किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालतात आणि गावातले कासवमित्र ती जाळीत जपतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. किनाऱ्यावर पहाटे आणि संध्याकाळी जा. टॉर्च आणि फ्लॅश बंद, पिल्लाला हात नाही, त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. दोन दिवस राखून ठेवा. आमच्याकडची एक मुलगी सलग तीन पहाटे गेली, तिसऱ्या दिवशी टोपलीखाली वाळू हलली आणि एकवीस पिल्लं ओळीने पाण्याकडे निघाली. ती परत आली तेव्हा पायाला वाळू तशीच, आणि नाश्त्याला बसल्यावरही बराच वेळ काही बोलली नाही.